सुट्टे पैसे : हिरोचं पोट कशावर चालतं?

(वाचकांचे प्रश्न आणि साताऱ्याच्या एका निवृत्त एसटी कंडक्टरची उत्तरं)

गेल्या अंकात मी सहज एक वाक्य लिहून गेलो. पिक्चर कसलाही असो, त्यातला माणूस काय खातो आणि त्याचे पैसे कुठून येतात हे कळलं नाही, की माझं लक्ष उडतं. त्यावर पत्रांचा ढीग पडला. निम्मी पत्रं शाबासकीची, निम्मी झाडणारी. संपादक म्हणाले, या खेपेला फक्त पिक्चरचीच पत्रं घ्या. तेव्हा पास, सवलत आणि पेन्शनबद्दल ज्यांनी विचारलंय त्यांनी पुढच्या महिन्यापर्यंत दम धरावा.

प्रश्न : आबा, तुम्ही समीक्षक नाही, तरी बोलता अगदी ठासून. पिक्चरमधलं तुम्हाला नक्की कळतं काय? (कॉलेजचा विद्यार्थी, कराड)

फार काही कळत नाही, बाळा. कॅमेरा कुठं ठेवला, उजेड कुठून टाकला, हे मला आजही दिसत नाही. पण चौतीस वर्षं वाई आणि सातारा डेपोच्या गाड्यांत उभं राहून माणसं बघितली. गाडीत चढलेल्या माणसाचा हात खिशाकडं कसा जातो, यावरून महिन्याची कितवी तारीख आहे ते कळायचं. तीच खोड पडद्यासमोरही जात नाही. हिरो आला की मी आधी त्याच्या चपला बघतो.

‘शोले’ १९७५चा. आमच्याकडं तो काही वर्षांनी पोचला, पुसेगावच्या यात्रेत, तंबूमध्ये. घोडे, बंदुका, नाणं उडवणं सगळं आवडलंच, पण गब्बरची माणसं रामगडात धान्य मागायला येतात तिथं मी सावरून बसलो. डोंगरात राहिलं तरी दोन वेळा खायला लागतंच की! नुसत्या मोठ्यानं हसण्यावर टोळी चालत नाही. माझी परीक्षा एवढीच आहे. तुझी वेगळी असू दे.

प्रश्न : ‘दृश्यम’मध्ये बसचा कंडक्टर त्या कुटुंबाला ओळखतो आणि तारीखही सांगतो. रोज शेकड्यानं माणसं बघणाऱ्याला असं खरंच आठवतं का? (शिक्षिका, विटा)

बाई, या प्रश्नाची मी २०१५ पासून वाट बघत होतो. कुणी विचारलाच नाही.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. गोव्यातला विजय साळगावकर हा चौथी नापास केबलवाला. त्याच्या घरात एक भलतं घडून बसतं. मग तो सगळ्या घरादाराला घेऊन पणजीला जातो, आणि पुढं पोलिसांना बसचा कंडक्टर, हॉटेलवाला, थेटरातला माणूस असे सगळे एकच सांगतात, की २ आणि ३ ऑक्टोबरला ही मंडळी पणजीत होती. मूळ पिक्चर मल्याळम, २०१३चा, मोहनलालचा. आपल्याकडचा हिंदी निशिकांत कामतांनी केला.

आता उत्तर. चेहरा आठवतो. तारीख आठवत नाही. आणि सगळे चेहरे आठवतात असंही नाही. ज्यानं दहाच्या तिकिटाला पाचशेची नोट दिली तो आठवतो. ज्याचं पोर खिडकीतून ओकलं तो आठवतो. बारा वर्षांच्या मिशा फुटलेल्या मुलाचं अर्धं तिकीट मागणारी माउली तर जन्मभर आठवते. शांत बसून, सुट्टे देऊन, ठरल्या थांब्यावर उतरणारा सज्जन माणूस? तो गाडीत होता की नव्हता, देव जाणे.

एकदा घरातून निघून गेलेल्या एका पोराबद्दल फौजदारसाहेबांनी मला विचारलं. फोटो दाखवला. मी छातीठोक सांगितलं, होय, माझ्या गाडीत होता, बाजारच्या दिवशी. एवढी खात्री कशी? तर त्याच्या शेजारी कोंबड्यांची पाटी होती आणि कोंबड्या बाजारच्या दिवशीच असतात. साहेबांनी लिहून घेतलं. डेपोत जाऊन कागद काढले, तर त्या बाजारला मी रजेवर! मेव्हण्याच्या लग्नात जेवण वाढत होतो. पोरगं खरंच माझ्या गाडीत होतं, पण दोन दिवस आधी. कोंबड्या कुणा पाहुण्याला द्यायला चालल्या होत्या. पोरगं मामाकडं सापडलं म्हणून निभावलं. मी खोटं बोललो नव्हतो, बाई. माझ्या डोक्यानं चेहरा आणि कोंबड्या ठेवल्या आणि तारीख आपल्या मनानं चिकटवली.

विजय साळगावकर नेमकी हीच जागा धरतो. तो कुणाला लाच देत नाही, दम देत नाही. ओळख काढतो, चार शब्द बोलतो आणि बोलता बोलता तारीख समोरच्याच्या डोक्यात ठेवून येतो. पुढं तो कंडक्टर शपथेवर सांगेल तरी तो प्रामाणिकच असेल. इतका बारकावा मी दुसऱ्या कुठल्या पिक्चरमध्ये पाहिला नाही.

तिकिटाचंही सांगतो. आमच्या वेळच्या ठोक्याच्या तिकिटांवर तारीख नसायचीच. रक्कम आणि नंबर छापलेला, आम्ही चिमट्यानं भोक पाडायचो. कुठल्या टप्प्यापर्यंत कुठल्या नंबरची तिकिटं गेली ते वेबिलवर, म्हणजे त्या दिवसाच्या फेरीच्या हिशेबाच्या कागदावर, लिहायचं. म्हणजे तारीख शोधायची तर वेबिल गाठायला हवं. पुढं मशीन आली, तिकिटावर तारीख, वेळ सगळं येऊ लागलं. पण मशीनलाही एक गोष्ट छापता येत नाही : हे तिकीट कुणाच्या हातात होतं. खिशात तिकीट आहे म्हणजे माणूस गाडीत होता, असं जग धरून चालतं. साळगावकरचं पोट केबलवर चालतं, रात्र रात्र ऑफिसात बसून तो पिक्चर बघतो, म्हणून हे त्याला सुचतं. त्याला कॉलेजात प्राध्यापक केला असता तर मी विश्वास ठेवला नसता.

प्रश्न : ‘सैराट’चा शेवट बघून माझी मुलगी दोन दिवस जेवली नाही. एवढं दाखवायची गरज होती का? (एक आई, कोरेगाव)

ताई, गरज होती की नाही ते दिग्दर्शक नागराज मंजुळ्यांना ठाऊक. मी काय झालं ते सांगतो. साताऱ्यात बघितला, एप्रिल २०१६चा शेवट, बाहेर आग ओकणारं ऊन. निम्मा वेळ पोरं खुर्च्यांवर चढून नाचत होती. अजय-अतुलचं संगीत, हॉलिवूडच्या स्टुडिओत तिथल्या वादकांकडून वाजवून घेतलेलं. पडद्यापुढं पैसे उधळले तेही बघितले. (कंडक्टरच्या जिवाला तेवढं लागतं. खाली पडलेली चिल्लर कोण गोळा करणार?) आणि शेवटी आवाजच बंद. ते लहान पोर, ती पावलं. दारं उघडली तरी कुणी उठेना. डोअरकीपर म्हणाला, “चला, पुढच्या शोची माणसं उभी आहेत,” तेही हळू आवाजात.

पण मला विचाराल, तर माझा ‘सैराट’ मधला आहे. हैदराबादची ती झोपडपट्टी, सुमनअक्काची डोशाची गाडी, परशा डोसे घालतोय, आर्ची बाटल्यांच्या कारखान्यात. पाटलाच्या घरात वाढलेली पोरगी नळ, संडास, वास बघून रडते. पळून जाण्याच्या गाण्यानंतर भाडं भरायचं असतं, हे आपल्या पिक्चरांत कोण दाखवतं? हिंदीत ‘धडक’ आला २०१८मध्ये. चकचकीत होता. तिथं मला एकदाही घरभाड्याची काळजी वाटली नाही.

पळून चाललेली जोडपी मी पुष्कळ बघितलीत. ओळखायची खूण सांगतो. दोघं वेगवेगळ्या थांब्यांवर चढतात, वेगळी तिकिटं काढतात, एकमेकांकडं अजिबात बघत नाहीत. जवळ पिशवी एकच, ती बहुधा मुलीकडं. आणि पैसे अगदी मोजून, सुट्टे. पाच-पाच, दोन-दोनची नाणी, घामानं ओली झालेली. कित्येक दिवस साठवलेली असतात ना. इतर प्रवासी सुट्ट्यांवरून माझ्याशी भांडायचे, ही पोरं कधी भांडली नाहीत. एका पहाटे एक मुलगी पहिल्याच बाकावर बसली होती. तिकीट देताना ती म्हणाली, “मामा, पुण्याला किती वाजता पोचेल?” मी वेळ सांगितली. बाकी काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं की नको, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तुमच्या मुलीला म्हणावं, मी ‘सैराट’ दुसऱ्यांदा बघितला नाही.

प्रश्न : ‘अॅनिमल’? (नाव नको, सांगली)

तीन तास एकवीस मिनिटं. म्हणे घरचा पोलादाचा कारखाना आहे. एवढ्या वेळात तिथं कुणाचा पगार झालेला मला दिसला नाही. मी मध्यंतरात उतरलो.

प्रश्न : भुताच्या पिक्चरला तुम्ही घाबरता का? आमच्या मंडळात ‘तुंबाड’ भीतिदायक आहे की नाही यावर पैज लागलीय. (पाटण तालुक्यातून पाच जण)

पाच जणांनी मिळून पैज लावून मला पंच केलंय! तर ऐका. मुक्कामी गाडीची ड्यूटी केलेल्या माणसाला भुताची भीती घालू नये. जोर गावाच्या बाजूला पावसाळ्यात मुक्काम असायचा. आठला दिवे जायचे. मी आणि ड्रायव्हर गाडीतच, टपावर पाऊस रात्रभर, आणि खाली ओढ्याचं पाणी. भूत आलं असतं तर बरं झालं असतं, पत्त्यांना तिसरा गडी मिळाला असता.

‘तुंबाड’ची भीती दुसरी आहे. २०१८ साली आला तेव्हा आमच्याकडं फार चालला नाही. सप्टेंबर २०२४ला थेटरांत परत लागला तेव्हा मी बघितला आणि त्या खेपेला त्यानं पहिल्यापेक्षा जास्त गल्ला जमवला. पाऊस असा, की तुम्हा पाटणकरांना घरचा वाटेल. त्या वाड्याखाली एक हावरा देव कोंडलेला आहे, हस्तर. विनायक खाली उतरतो, कणकेची बाहुली पुढं टाकतो, तो ती खाईपर्यंत मोहरा लुटतो. एका खेपेला मूठभरच. बाहेर येतो, मोहरा मोडतो, ऐश करतो, पैसे संपले की परत खाली. मी खुर्चीत बसून म्हटलं, अरे, हा तर पगार! धोका रोजचा, मिळकत मुठीएवढी, आणि पुढं पोराला त्याच कामावर चिकटवायचं. मुलगा चड्डीवर दोर धरून विहिरीत उतरायचा सराव करतो, तिथं मला खरी धडकी भरली. भूत त्या पोरासमोर काहीच नाही.

आमच्या सौ. शेजारी होत्या. शेवटाकडं खूप बाहुल्या दिसतात तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “एवढी कणीक मळली कुणी?” त्यांची पैज आणि तुमची पैज वेगळी असावी. भीतिदायक आहे, असं म्हणणाऱ्यानं पैज जिंकली.

प्रश्न : प्रेमाच्या पिक्चरवर तुमचा विश्वास दिसत नाही. ‘डीडीएलजे’पण नाही आवडला? (गृहिणी, वाई)

आवडला की! फक्त पुरा बघायला वीस वर्षं लागली.

मुंबई सेंट्रलच्या एसटी डेपोसमोरच मराठा मंदिर. तिथं ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ १९९५च्या ऑक्टोबरात लागला तो उतरायलाच तयार नव्हता. आमची रात्रीची गाडी सकाळी पोचायची. आंघोळ, चहा, तासभर डुलकी, मग साडेअकराचा शो. तिकीट अगदी स्वस्त आणि आत गारवा, कंडक्टरला आणखी काय पाहिजे? प्रेक्षकांत निम्मे आमच्यासारखेच, गाडीची वाट बघणारे. मांडीवर बोचकी, पायाशी ट्रंका. परतीची गाडी अडीचला लागायची, म्हणजे दोनला मला उठणं भाग. तीन तासांच्या वर पिक्चर! सिमरनची गाडी सुटायची वेळ झाली, की माझी गाडी भरायची वेळ झालेली. मी पाच वेळा गेलो आणि पाचही वेळा तिला फलाटावर न बघताच बाहेर पडलो. शेवटी बाप तिचा हात सोडतो, हे मला एका हमालानं सांगितलं. मी टीव्हीवर पाहिलं ते नातू झाल्यावर.

पोटाचं म्हणाल, तर राजचा बाप पैसेवाला, तिथं काही प्रश्नच नाही. मला बाप आवडतो, बलदेवसिंग. परदेशात दुकान चालवतो, आणि दुकान बंद केल्यावर आलेलं गिऱ्हाईक त्याला नको असतं. राज डोकेदुखीचं सोंग करून दार उघडायला लावतो आणि बिअर उचलतो. तो म्हातारा पुढं पिक्चरभर राजवर खार खाऊन असतो. बरोबरच आहे. शेवटच्या फेरीला डबल बेल दिल्यावर धावत येऊन दार बडवणारा पोरगा मी कधी जावई करून घेतला नसता.

प्रश्न : तुमच्या वाईत म्हणे हिंदी पिक्चरांचं गाव वसतं. तुम्ही शूटिंग पाहिलंय का? (वाचक, पुणे)

पाहिलंय, आणि त्यापायी खोळंबलोही आहे. वाईला घाट आहेत, जुने वाडे आहेत, जवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि कृष्णेचा घाट आहे, आणि मुंबई-पुणं फार लांब नाही. म्हणून उत्तर प्रदेश-बिहार बहुतेक आमच्याकडंच घडतो. २००३चा ‘गंगाजल’ बिहारमधला, शूटिंग वाईला. २०१०चा ‘दबंग’ उत्तर प्रदेशातला, तोही वाईला. ‘स्वदेस’चं चरणपूर म्हणजे आमची मेणवली.

शूटिंगच्या दिवसांत दुकानांवर हिंदी पाट्या लागायच्या. एकदा डोळ्यानं अधू असलेली आमची एक नेहमीची म्हातारी खिडकीतून बघून उतरायलाच तयार होईना. “ही आमची वाई न्हवं, तू मला कुठं आणलंस?” तिला गणपतीचं देऊळ दाखवलं तेव्हा उतरली. गावातल्या कितीतरी जणांना या पिक्चरांनी दिवसाचा रोज आणि दोन वेळचं जेवण दिलंय. माझा एक चुलतभाऊ गर्दीत उभा राहायचा. पडद्यावर तो दिसतो एक सेकंद आणि त्याच्या घरात तो सेकंद आजही दर पाहुण्याला थांबवून दाखवतात.

‘दबंग’ला नावं ठेवणारे ठेवोत. चोरांकडून पकडलेले पैसे चुलबुल पांडे घरात दडवतो आणि भाऊ ते लग्नासाठी पळवतो, म्हणजे पैशाचा हिशेब चोख आहे. मी खूश.

‘स्वदेस’ २००४चा. थेटरात फार चालला नाही, पण आता घरोघरी बघतात. त्यात रेल्वेच्या फलाटावर एक पोरगा चाराण्याला पाणी विकत असतो आणि नासातला मोहन भार्गव, जो इतके दिवस बाटलीतलंच पाणी पीत आलाय, तो ते पाणी पितो. शाहरुखच्या तोंडून तिथं भाषण नाही, काही नाही. आमच्या व्यवहारात तेव्हाच चाराणे कुणी घेईना झाले होते. प्रवासी मला द्यायचे, मी पुढच्याला दिले की तो हात मागं घ्यायचा. ३० जून २०११ला चाराणे सरकारनंच बंद केले. शेवटी शेवटी माझ्या चामडी पिशवीच्या तळाला उरलेले चौदा चाराणे मी डेपोत भरले नाहीत. नियमबाह्य असेल. ते देवघरात एका वाटीत आहेत आणि ‘स्वदेस’ टीव्हीवर लागला की सौ. वाटीकडं बघून हसतात.

प्रश्न : ‘दंगल’मधल्या कुस्त्या कशा वाटल्या? (तालमीतला वस्ताद, कराड तालुका)

वस्ताद, तुमच्यापुढं कुस्तीवर मी काय बोलू? तरी विचारलंत म्हणून. आमिर खाननं पोट वाढवलं, उतरवलं, ते सोडा. पोरींचं पोट बघा. कोंबडीवाल्याशी घासाघीस करून, परवडेल त्या भावात, बाप त्यांना कोंबडी खायला घालतो. खुराकाचा खर्च दाखवणारा कुस्तीचा पिक्चर! मला तिथंच पावला.

खटकलं ते शेवटी. बापाला खोलीत कोंडून ठेवतात आणि पोरीची फायनल त्याला बघायला मिळत नाही. हे पदरचं आहे. २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धेत गीता फोगाटनं फायनल एकतर्फी मारली होती. एकतर्फी जिंकणं पडद्यावर दिसायला फिकं दिसत असेल, पण तालमीत त्याचीच इज्जत असते, हे तुम्ही मला शिकवाल.

तुमच्या तालुक्यातल्या गोळेश्वरच्या खाशाबांना १९५२ला हेलसिंकीत ब्राँझ मिळालं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तिथं जायला पैसे नव्हते म्हणून गावानं वर्गणी काढली, कोल्हापूरच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवलं. त्यावर पिक्चर काढला, तर पदरचं काही घालायला लागणारच नाही.

प्रश्न : घरात सगळ्यांनी मिळून हसायचं तर कोणता लावू? (वाचक, इस्लामपूर)

‘अशी ही बनवाबनवी’. १९८८चा आहे आणि मूळ कल्पना हृषीकेश मुखर्जींच्या १९६६च्या ‘बीवी और मकान’ची, पण आता तो आपलाच. कारण विचाराल तर चौघांना खोली हवीय आणि घरमालकीण फक्त जोडप्यांना देते. मीही वाईत बिनलग्नाचा खोली शोधत हिंडलोय, त्यामुळं बायकांचे कपडे घालायची वेळ का येते ते मला पटतं. सत्तर रुपयांच्या औषधाचा प्रसंग आला की आमच्या घरात पोळी करणारीसुद्धा तवा सोडून येते.

प्रश्न : नातू दिवसभर दक्षिणेचे डब पिक्चर बघतो. बिघडेल का? (आजी, सातारा)

आजी, माझाही बघतो आणि एक खांदा वर करून चालतो. शाळेत बाईंनी विचारलं, मानेला लागलंय का? ‘पुष्पा’चा हा परिणाम. पण बघा, २०२१चा पहिला ‘पुष्पा’ हमालीपासून सुरू होतो. रक्तचंदनाचे ओंडके वाहणारा पोरगा, रोज किती, मग हिस्सा किती, मग भागीदारी किती, सगळं भांडून घेतो. मला आवडला. दुसरा २०२४ला आला, त्यात हात-पाय बांधलेला माणूस दातांनी वीस जणांना लोळवतो. तिथं मी चहा करायला उठलो. नातवाला एवढं सांगा, की हिंदीत बोलतो तो आवाज आपल्या श्रेयस तळपदेचा आहे, आणि ‘बाहुबली’चा शरद केळकरचा. निम्मे पिक्चर मराठी माणसाच्याच गळ्यातून येतात म्हटल्यावर आजीला रागवायला जागा राहत नाही.

प्रश्न : ‘छावा’बद्दल तुम्ही गप्प का? साताऱ्याचे ना तुम्ही? (वाचक, कोल्हापूर)

गप्प नाही. थेटरात रडलो, ते लिहायचं राहिलं. लेझीमचा प्रसंग लोकांना रुचला नाही आणि तो प्रदर्शनाआधी काढला, हे बरं झालं. विकी कौशलनं जीव ओतलाय. पण पोरं घोषणा देत बाहेर पडली तेव्हा मला वाटलं, गोष्ट जिथं थांबली तिथून साताऱ्याची सुरू होते. १६८९ला शंभूराजे गेले, लहानगे शाहू आईबरोबर मोगलांच्या कैदेत पडले. १७०७ला सुटले, आणि १७०८ला साताऱ्यात राज्याभिषेक. अठरा वर्षं छावणीत वाढलेलं ते पोर काय खात होतं, कुणाशी खेळत होतं? तो पिक्चर कुणी काढला, तर मी पहिल्या शोला, पहिल्या रांगेत.

प्रश्न : सासूबाईंना आता अजिबात ऐकू येत नाही. टीव्हीसमोर नुसत्या बसून असतात. त्यांना कोणता पिक्चर लावू? (सून, फलटण)

तुमचं पत्र सगळ्यात शेवटी ठेवलं, कारण उत्तर लगेच सुचलं. ‘पुष्पक’, १९८७, कमल हासन. अख्ख्या पिक्चरमध्ये एक शब्द बोललेला नाही. बेकार पोरगा आहे, नोकरीच्या रांगेत उभा राहतो, एका दारुड्या शेठजीच्या जागी जाऊन मोठ्या हॉटेलात राहतो. एक मारेकरी आहे, तो बर्फाचा सुरा वापरतो. सासूबाईंना सगळं कळेल, कदाचित तुमच्याआधी.

त्यातली एक गंमत माझ्या फार जवळची आहे. त्या पोराची खोली थेटराला लागून असते. रात्रभर पिक्चरमधल्या मारामाऱ्यांचे आवाज. हॉटेलातल्या मऊ गादीवर, त्या शांततेत त्याला झोपच लागत नाही, म्हणून तो जाऊन ते आवाज टेप करून आणतो. मी निवृत्त झाल्यावर चार महिने रात्री टक्क जागा असायचो. गाडी उभी केल्यावर पत्रा थंड होताना टकटक वाजतो, पहाटे ड्रायव्हर इंजिन तापवत ठेवतो, त्यातच आयुष्य झोपलो होतो. नातवानं ‘पुष्पक’ पाहिला आणि दुसऱ्या दिवशी स्टँडवर जाऊन मोबाइलवर उभ्या गाडीच्या इंजिनाचा आवाज भरून आणला. अकरा मिनिटांचा आहे. मधे कुणीतरी “वडूज, वडूज” ओरडतं.

सासूबाईंना आवडला का ते कळवा. आणि बर्फाच्या सुऱ्याचं त्यांना आधी सांगू नका.